सुंदरीअक्का आणि बेटावरचा सर्व्हर

त्यांचं पूर्ण नाव त्रिपुरसुंदरी. आमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात सगळे त्यांना सुंदरी मॅडम म्हणायचे, मी एकटी अक्का म्हणायचे. मी कोल्हापूरची, लग्न होऊन चेन्नईला आलेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "तुम्ही मराठी अहांत की! गांव कोण्तें?" मी दचकून वळून पाहिलं. सुती साडी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पन्नाशीच्या पुढच्या बाई. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेलं. घरात अजून मराठीच बोलतात, पण ती ऐकताना मला जुन्या बखरीतलं कोणी तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटायचं.

अक्का वाढल्या चेन्नईच्या आवडी या उपनगरात, सरकारी क्वार्टर्समध्ये. वडील तिथल्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. अक्कांनी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि एकविसाव्या वर्षी आमच्या संस्थेत टायपिस्ट म्हणून लागल्या. दूरदूरच्या ठिकाणी लहान दवाखाने चालवणारी ही संस्था. तिथे मोठा डॉक्टर राहत नाही, नर्स असते. एक्स-रे काढला की त्याचं चित्र तिथल्या सर्व्हरमधून, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरमधून, चेन्नईला येतं आणि इथला डॉक्टर ते पाहून काय करायचं ते सांगतो. संस्थेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यासोबतची जाडजूड पुस्तकं कोणी उघडून पाहिली नाहीत. अक्कांनी पाहिली. लोकलमध्ये बसून, आवडीपासून येता-जाता, शब्दकोश जवळ ठेवून त्यांनी सर्व्हर चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली शिकून घेतली. मी आले तोवर पाच ठिकाणचे पाच सर्व्हर त्या एकट्या सांभाळत होत्या. दोन डोंगरात, तीन बेटांवर. त्यांपैकी एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळं काम इथून, टेबलावरून.

या कामात सगळ्यात जिवावरचं काम म्हणजे कर्नल बदलणं. कर्नल म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर जागा होणारा मुख्य प्रोग्रॅम. डिस्क, मेमरी, नेटवर्कची वायर, सगळ्यांशी तोच बोलतो. तो बदलायचा तर यंत्र एकदा बंद होऊन पुन्हा सुरू व्हावं लागतं. नवा नीट उठला तर ठीक. नाही उठला तर हजार मैलांवर बसलेल्या माणसाला काही करता येत नाही. तिथे जाऊन बटण दाबायला कोणीतरी लागतं.

अक्कांनी त्यावर तोड काढली होती आणि मलाही शिकवली होती. जुना कर्नल काढायचा नाही, नेहमीचा म्हणून तोच ठेवायचा. यंत्रासाठी फक्त एक चिठ्ठी ठेवायची की या खेपेला, एकदाच, नव्या कर्नलने सुरू हो. यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम ती चिठ्ठी वाचतो, लगेच पुसतो आणि नव्या कर्नलला उठवतो. नवा कोसळला तर दहा सेकंदांत यंत्र आपसूक पुन्हा सुरू होतं. आणि तो उठला, पण पंधरा मिनिटांत अक्का चेन्नईहून नेटवर्कवरून यंत्रात शिरू शकल्या नाहीत, तरी यंत्र स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतं. चिठ्ठी पुसलेली असते, म्हणून आता जुना कर्नल उठतो. माणूस लागत नाही.

याची तालीम अक्का घरी करायच्या. आवडीच्या घरात एक जुना कॉम्प्युटर होता आणि वेंकटराव, त्यांचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले, ते मदतनीस. अक्का आतून ओरडायच्या, "खेंचा!" की वेंकटराव नेटवर्कची वायर उपसायचे आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं पेपर वाचत बसायचे. प्रत्येक वेळी यंत्र जुन्या कर्नलवर परत यायचं. मी स्वतः एकदा तिथे बसून पाहिलंय.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. अंदमानातल्या एका लहान बेटावर आमचा दवाखाना आहे. तिथल्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड दर तीन-चार दिवसांनी गप्प व्हायचं, आणि रंजनी नावाची नर्स उठून यंत्र बंद-चालू करायची. नव्या कर्नलमध्ये त्या कार्डाचा दोष काढल्याचं लिहिलं होतं. अक्कांनी आमचे मुख्य डॉक्टर उमाकांत यांची परवानगी घेतली. मी तिथेच उभी होते.

"किती वेळ बंद राहील?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार मिनिटं. आणि काही बिघडलंच, तर वीस मिनिटांत आपोआप जुन्यावर येईल," अक्कांनी तमिळमध्ये सांगितलं.

"नक्की?"

"नक्की, डॉक्टर."

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अक्कांनी हुकूम दिला. बेटावरचं यंत्र बंद झालं. पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ येत होती: उत्तर नाही, उत्तर नाही. दहा वाजून दहा झाले. सव्वादहा झाले.

"नवा उठला नाही बघ," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "होऊं दे. आपणच परत येईल. तूं कॉफी घेऊन ये."

मी कॉफी आणली. साडेदहा वाजले तरी पडद्यावर तेच. अक्कांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पावणेअकराला त्यांनी वहीत केलेले हिशोब दोनदा बोटाने मोजले. पंधरा मिनिटं, वर दोन मिनिटं सुरू व्हायची. सतरा. फार तर वीस. आता चाळीस झाली होती.

"असें होऊं शकत नाही," त्या म्हणाल्या. मला नाही, पडद्यालाच.

अकरा वाजता उमाकांत डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आले, फोन हातात. "रंजनीचा फोन होता. नारळाच्या झाडावरून पडलेला माणूस आणलाय. चाळीस वर्षांचा. मानेला मार आहे. एक्स-रे काढलाय, पण माझ्याकडे चित्र येत नाही. सर्व्हर आला का?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मान मोडली असेल तर त्या माणसाला जराही हलवायचं नाही, हेलिकॉप्टर मागवायचं. नसेल मोडली तर हेलिकॉप्टरची गरज नाही, आणि ते मागितलं की मिळेलच असंही नाही. चित्र पाहिल्याशिवाय डॉक्टर काय सांगणार? बेटावर फोनवर बोलणं व्हायचं, पण सर्व्हरच्या वेगळ्या जोडणीशिवाय, नुसत्या मोबाइलवरून फोटो पाठवायचा तर अर्धा-अर्धा तास चाक फिरत राहायचं. रंजनीने पाठवायला लावला होताच. तो आला नाही.

"मान मोडलीच आहे असं धरून चाल," डॉक्टर फोनवर रंजनीला म्हणाले. "दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पाणीसुद्धा झोपूनच, चमच्याने." मग आमच्याकडे न बघता ते आत गेले.

अक्कांनी रंजनीला फोन लावला. ती मूळची रामनाथपुरमकडची, तमिळच बोलायची. माझं तमिळही आता समजण्याइतकं झालं होतं, आणि फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, माझे दोन्ही हात त्याच्या डोक्याशी आहेत," रंजनी म्हणाली. "आयाबाई पिशव्या भरतेय. ते झाल्याशिवाय मी उठणार नाही."

"उठूच नकोस," अक्का म्हणाल्या. "झालं की मला फोन कर."

पस्तीस मिनिटं गेली. पडद्यावरच्या ओळी चालूच होत्या.

अकरा चाळीसला रंजनीचा फोन आला. नोंदणीच्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड काढून तिने सर्व्हरला जोडला होता.

"काय दिसतंय?" अक्कांनी विचारलं.

"काळा पडदा. वर इंग्रजीत ओळ आहे, खाली लॉगिन असं लिहिलंय."

"म्हणजे यंत्र चालू आहे?" अक्का खुर्चीच्या कडेला सरकल्या. "वरच्या ओळीतले आकडे वाच."

रंजनीने एकेक आकडा वाचला. अक्कांनी कागदावर उतरवून घेतला आणि पेन तसंच हातात राहिलं. तो नव्या कर्नलचा आकडा होता.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचला. तोच.

"रेवा," अक्का माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ते पाच वेळां बंद होऊन सुरू झालें असणार. पांचही वेळां नवाच उठला. कां?"

नेटवर्क का लागत नाही हे त्यांना लगेच उमगलं होतं. नव्या कर्नलने कार्डाचं नावच बदललं होतं, त्यामुळे जुन्या नावाने लिहिलेली जोडणी त्याला लागू होत नव्हती. असं होतं कधी कधी. त्यासाठीच तर परतीची सोय होती. पण ती सोय चाललीच नव्हती.

"रंजनी, तीन बटणं सांगते, एकदम दाब. यंत्र पुन्हा सुरू होईल. पडद्यावर जे जे येईल ते वाच, कळलं नाही तरी वाच."

तिने बटणं दाबली. काही सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग रंजनी म्हणाली, "एक ओळ आलीय. एरर लिहिलंय पहिल्यांदा. मग डी, आय, एस, के… डिस्कफिल्टर. राइट्स आर नॉट सपोर्टेड. कोणतंही बटण दाबा म्हणतंय."

अक्कांनी ती ओळ लिहून घेतली. मग तिच्याखाली दोनदा रेघ ओढली.

मला ते समजायला वेळ लागला. त्यांना एका क्षणात समजलं. बेटावरच्या यंत्रात दोन डिस्क होत्या, एकीवर जे ते दुसरीवर. एक गेली तरी काम थांबू नये म्हणून. यंत्र सुरू करणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमला अशा जोडडिस्कवरचं वाचता येतं, तिच्यावर लिहिता येत नाही. म्हणजे तो चिठ्ठी वाचत होता, पण पुसू शकत नव्हता. 'एकदाच नवा' असं सांगणारी चिठ्ठी प्रत्येक वेळी तशीच शिल्लक. यंत्र पंधरा मिनिटांनी स्वतःला बंद करत होतं, पुन्हा चिठ्ठी वाचत होतं, बटणाची थोडा वेळ वाट पाहत होतं आणि पुन्हा त्याच मुक्या कर्नलला उठवत होतं. आम्ही काही केलं नसतं तर ते वर्षभर तेच करत राहिलं असतं. आणि पडद्यावर दर वेळी स्वच्छ लिहून येत होतं की लिहिता येत नाही. फक्त त्या खोलीत पडदा नव्हता.

"मॅडम? पुढे काय दाबू?" रंजनी विचारत होती.

अक्कांनी फोन जवळ ओढला. "कोणतंही बटण दाब, ओळींची यादी येईल. मग खालचा बाण. दुसऱ्या ओळीवर जा. एंटर. आता किती ओळी आहेत?"

"चार."

"मघाशी वाचलेला आकडा नाही अशी पहिली ओळ कुठली?"

"तिसरी."

"तिच्यावर जा. घाई करू नकोस. एंटर."

बारा वाजून दोन मिनिटांनी आमच्या पडद्यावर उत्तर आलं. अक्का आत शिरल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी ती चिठ्ठी हाताने पुसली. बारा वाजून सहा मिनिटांनी एक्स-रेचं चित्र उमाकांत डॉक्टरांच्या पडद्यावर होतं. मानेच्या पाचव्या मणक्याला तडा गेलेला. डॉक्टर फोनवर बोलत असताना त्यांचा आवाज दारातून ऐकू येत होता. संध्याकाळच्या आत हेलिकॉप्टर मिळालं. तो माणूस वाचला. तीन महिन्यांनी मानेला पट्टा लावून चालत दवाखान्यात आला, असं रंजनीने कळवलं. चित्रावरून काही कळायच्या आधी, डॉक्टरांच्या नुसत्या शब्दावर, तिने तासभर त्याचं डोकं हलू दिलं नव्हतं.

हे सगळं निभावलं म्हणून मला हायसं वाटलं होतं. मी अक्कांना म्हणाले, "चला, थोडं जेवून घेऊ." त्यांनी ऐकलंच नाही. त्या कपाटातून आपल्या जुन्या वह्या काढत होत्या. सहा वर्षांच्या वह्या. प्रत्येक सर्व्हरचं पान, प्रत्येक कर्नलची तारीख. त्या पानं उलटत गेल्या आणि पेन्सिलने खुणा करत गेल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"काय अकरा?"

"अकरा वेळां मी असें केलें. पाचही ठिकाणीं दोन-दोन डिस्क अहेत. मीच मागून घेतल्या होत्या, जास्त सुरक्षित म्हणून. अकराही वेळां नवा कर्नल बरा निघाला. तो बरा निघाला की मीच त्याला कायमचा करून चिठ्ठी काढून टाकायची. म्हणून कळलेंच नाही गं. परतीची वाट कोठेंच नव्हती. एक दिवस सुद्धां नव्हती." त्यांनी वही मिटली. "आणि घरचें यंत्र एका डिस्कचें. त्याच्यावर सगळें नीट व्हायचें. हे वायर खेंचायचे आणि मी हंसायची."

मी काहीतरी समजावणीचं बोलले असेन. मला आठवत नाही. त्या अकरांतल्या तीन वेळा मी स्वतः हुकूम टाइप केला होता, अक्का बाजूला उभ्या असताना, हसत-बोलत. एकदा तर डोंगरातल्या दवाखान्यात बाळंतीण असताना.

त्यांनी त्याच दुपारी बाकीच्या चार ठिकाणी फोन करून सांगितलं की मी सांगेपर्यंत काही बदलायचं नाही. मग त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि मला सोबत चल म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं, अकरा वेळांसकट. काही झाकलं नाही.

"मला वाटलं होतं," उमाकांत डॉक्टर हळू म्हणाले, "तुम्ही हे तिथल्यासारख्याच यंत्रावर करून पाहिलंय."

"एका डिस्कच्या यंत्रावर पाहिलं होतं. दोन डिस्कचं वेगळं असेल हे माझ्या मनातच आलं नाही."

"तुम्ही नक्की म्हणाला होता."

"हो," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अक्का मला जिना उतरताना म्हणाल्या. अक्कांनी राजीनामा कागदावर लिहून आणला होता. डॉक्टरांनी तो कागद वाचून परत दिला आणि विचारलं, "हे दुरुस्त करायला तुमच्याशिवाय कोणाला येतं?"

त्या रविवारी मी आवडीला गेले. अक्कांनी घरच्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क लावून बेटावरच्यासारखीच जोड केली होती. मुद्दाम बिघडवलेला कर्नल घातला, चिठ्ठी ठेवली आणि यंत्र सुरू केलं. वेंकटराव मागे उभे होते. पडद्यावर ओळ आली. डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड. अगदी तीच, अक्षराला अक्षर.

वेंकटरावांनी चष्मा वर करून वाचली. "हेंच का तें?"

"हेंच," अक्का म्हणाल्या आणि जमिनीवर मटकन बसल्या. ठाऊक असूनही डोळ्यांनी बघितल्यावर त्यांना ते सोसलं नाही. "अय्यो, एक डिस्क लावायचें काम होतें हो. अर्ध्या तासाचें."

वेंकटराव त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं.

उपाय साधा निघाला. जोडडिस्कच्या बाहेर एक लहानसा साधा कप्पा करायचा आणि चिठ्ठी त्यात ठेवायची. तिथे त्या प्रोग्रॅमला लिहिताही येतं. पण या वेळी अक्कांनी नवा कर्नल बरा निघतो का हे पाहिलंच नाही. त्यांनी तो तऱ्हातऱ्हांनी बिघडवला. एक सुरुवातीलाच कोसळणारा, एक नेटवर्क न लागणारा, एक अर्ध्यात गोठून बसणारा. गोठणाऱ्याने पुन्हा धक्का दिला. तो ना कोसळायचा, ना पंधरा मिनिटं मोजायचा. नुसता उभा. त्याच्यासाठी यंत्रातलाच एक पहारेकरी जागा करावा लागला. ठरावीक वेळात खूण मिळाली नाही की तो सरळ यंत्र पुन्हा सुरू करतो. तीन आठवडे हेच चाललं होतं. यंत्र परत आलं की अक्का तारीख-वेळ लिहायच्या आणि पुन्हा बिघडवायच्या.

एप्रिलमध्ये त्या बेटावर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा जहाजात बसल्या आणि अडीच दिवस पोटात पाणी ठरलं नाही. पुढे लहान बोट. सहा वर्षं ज्याला इथून हुकूम देत होत्या तो सर्व्हर एका औषधांच्या कपाटाशेजारी, उलट्या ठेवलेल्या लाकडी पेटीवर होता. त्यांनी मला तिथून फोन केला.

"रेवा, कप्पा केला. बिघडलेला घालून पाहिलें. आलें परत."

"मग झालं की, अक्का!"

"चार वेळां पाहिलें. रंजनी म्हणते, मॅडम, आतां पुरें. पण दर वेळीं पडदा काळा झाला की माझे हात गार पडतात." मागून रंजनीचा आवाज आला, कोणा पेशंटला नाव विचारत होती. "तूं तिथून आंत शिरून बघ जरा. मी पडद्यासमोर बसते. काय दिसतें तें वाचून सांगते."

मी खुर्ची पुढे ओढली आणि टाइप करायला लागले.